सागवानाचे दप्तर

गेल्या वैशाखात शेजारच्या गावी एका जुन्या मालगुजारी वाड्याची उतरण चालली होती. वारसांनी वाटणी करून घेतली आणि सागवानाच्या तुळया व खांब एका व्यापाऱ्याने ठोक भावाने उचलले. विकण्याजोगे नव्हते असे टोकाचे तुकडे अंगणात एका बाजूस पडले होते, व त्यांतूनच मजुरांच्या चुलीस जळण जात होते. त्यांतील एक तुकडा आम्ही उचलून पाहिला. त्याच्या तोंडावर वलये इतकी दाट होती की शंभरापर्यंत मोजून नजर थकली, आणि मध्य अजून दूरच होता. म्हणजे वाडा बांधण्यापूर्वीची शंभराहून अधिक वर्षे ज्या लाकडाने पाहिली, ते लाकूड दुपारच्या भाताखाली जळत होते.

आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरात गेली. पेरेपत्रके, पैसेवारीचे तक्ते, पर्जन्याच्या नोंदी, निस्तारपत्रके, वाजिब-उल-अर्ज यांच्या गठ्ठ्यांची धूळ आम्ही पुष्कळ खाल्ली आहे. दप्तरातील एक कागद गहाळ झाला तर चौकशी लागते. परंतु त्याहून जुने दप्तर चुलीत गेले तरी कोणी विचारीत नाही. आपल्या जिल्ह्यातील जुने सागवान हे पावसाचे दप्तर होय, आणि ते राखण्याचे काम शेतकऱ्यांनी व शेतकऱ्यांच्या संस्थांनी अंगावर घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते आम्ही वाचकांपुढे क्रमाने मांडतो.

सागाचे वर्ष आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. फाल्गुन-चैत्रात झाड निष्पर्ण होते व त्याची वाढ थांबते. मृगाच्या सुमारास पालवी फुटते, आणि तेव्हा झाड जे लाकूड घालते त्यात मोठमोठी छिद्रे असतात. त्यांची रांग नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पुढे आश्विन-कार्तिकापर्यंत बारीक छिद्रांचे घट्ट लाकूड होते, व पुन्हा विश्रांती. असे दर वर्षाला एक वलय. पाऊसपाणी बरे झाले तर वलय रुंद, ओढ बसली तर अरुंद, हा सामान्य नियम. सालीलगतचे वलय तोडणीच्या वर्षाचे. तेथून आत मोजीत गेले की एकेक साल मागे जाता येते.

परंतु रुंदीची साक्ष मोघम असते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. शेजारचे मोठे झाड तोडल्याने ऊन मिळाले तरी वलय रुंद होते. टोळधाडीप्रमाणे किडीने पाने खाल्ली तर पाऊस असूनही ते अरुंद होते. शिवाय रुंदीवरून फार तर साऱ्या हंगामाचा अंदाज येतो. धान करणाऱ्यास तेवढ्याने काय कळणार? आपल्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेरीज पुरी झाली तरी रोवणीच्या वेळी पंधरा दिवस खंड पडला की पऱ्हे वाळतात, आणि हस्ताने दगा दिला की लोंबीत दाणा भरत नाही. शेतकऱ्याचे नशीब बेरजेत नसून वाटणीत आहे. ही वाटणी लाकडातून वाचता येईल काय, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर वलयाच्या रुंदीत नसून वलयाच्या रसायनात आहे.

पाणी सर्व एकसारखे नसते. त्यातील प्राणवायूचे, म्हणजे ऑक्सिजनचे, बहुतेक अणू हलके असतात. सुमारे पाचशेत एक अणू जड असतो. यांना समस्थानिक म्हणतात. गुणधर्म तेच, वजन मात्र वेगळे. समुद्रावरून वाफ उठते तेव्हा हलके पाणी अधिक सुलभतेने उडते. ढगातून पाऊस पडतो तेव्हा जड पाणी आधी खाली येते. म्हणून जो ढग वाटेत पुष्कळ बरसून आला, त्यात मागे उरलेले पाणी हलके असते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण होऊन तो ओरिसा व छत्तीसगड ओलांडीत आपल्याकडे येतो, आणि मग चार दिवस सूर्यदर्शन होत नाही, हे आपण दर वर्षी पाहतो. अशा दूरवरून बरसत आलेल्या मुबलक पावसाचे पाणी सामान्यतः हलके भरते. तुरळक सरींचे पाणी त्यामानाने जड असते. ढग किती बरसला व कोणत्या वाटेने आला, याची खूण अशा रीतीने पाण्यातच राहते.

हे पाणी मुळांवाटे पानांत चढते. तेथे दुसरी क्रिया होते. हवा कोरडी असली म्हणजे पानांतून पाणी झपाट्याने उडते, त्यातही हलके आधी जाते, आणि पानात जड पाण्याचे प्रमाण वाढते. हवा दमट असली की ही वाढ कमी. या पानातल्या पाण्यापासून झाड आपली साखर बनविते व त्या साखरेपासून लाकडाचे तंतुद्रव्य, ज्याला सेल्युलोज म्हणतात, ते तयार होते. एकदा लाकूड झाले की त्यातील सेल्युलोजचा प्राणवायू शतकानुशतके तसाच राहतो. म्हणजे पावसाच्या पाण्याचा प्रकार व हवेचा कोरडेपणा, अशा दोन नोंदी एकाच ओळीत लिहिल्या जातात. प्रयोगशाळेत वलयाची बारीक फाक काढून त्यातील सेल्युलोज वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रावर जड व हलक्या अणूंचे प्रमाण मोजतात.

ही विद्या परदेशातच चालते असे कोणी समजू नये. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा व पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था यांनी या कामात बरीच वर्षे घातली आहेत. आर. रमेश, एस. के. भट्टाचार्य व जी. बी. पंत यांनी आपल्याच महाराष्ट्रातील ठाण्याच्या बाजूच्या सागाची वलये घेऊन, त्यांतील जड व हलक्या हायड्रोजनाचा पावसाशी संबंध लागतो असे १९८९ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात दाखविले. पुढे २०१० मध्ये भारतीय संशोधकांनी याहून बारीक काम केले. त्यांनी सागाच्या एकेका वलयाच्या अनेक फाका करून प्रत्येकीतील प्राणवायू स्वतंत्र मोजला, आणि पावसाळ्याच्या मध्ये पडलेले खंड त्यातून ओळखता येतात असे सिद्ध केले. वाचकांनी या गोष्टीचा नीट विचार करावा. ज्या काळी एकही पर्जन्यमापक नव्हता, त्या काळच्या खंडाची नोंद सागाच्या पोटात असू शकते, आणि ती वाचण्याची रीत आता मनुष्यास साधली आहे.

तथापि एका प्रांतातील सागाचे वाचन दुसऱ्या प्रांतास जसेच्या तसे लावता येत नाही. केरळात पावसाळा लवकर लागतो व मागाहून ईशान्य मोसमी पाऊसही येतो. ठाण्यास समुद्र जवळ. आपण दोन्ही समुद्रांपासून दूर, देशाच्या मध्यभागी. प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची व हवेची चाल निराळी, म्हणून प्रत्येक ठिकाणचे झाड त्या ठिकाणच्या पर्जन्यनोंदीशी आधी ताडून पाहावे लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील खंड वैनगंगेच्या खोऱ्यातील सागानेच सांगावयाचे आहेत. ठाण्याचा साग भंडाऱ्याची साक्ष देणार नाही.

ही साक्ष किती मागे जाऊ शकते? पुण्याच्या संस्थेचे एच. पी. बोरगावकर व त्यांचे सहकारी यांनी केरळातील सागाच्या वलयांच्या रुंदीची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका २०१० मध्ये प्रसिद्ध केली, व तीत अल निनोशी निगडित अवर्षणांच्या खुणा दाखविल्या. त्याच वर्षी एडवर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षवलयांवरून मोसमी प्रदेशाचा अवर्षणांचा नकाशासंग्रह तयार केला. त्यात १६३८ ते १६४१, १७५६ ते १७६८, १७९० ते १७९६ आणि १८७६ ते १८७८ अशी चार महाअवर्षणे ठळकपणे दिसतात. यांतील तिसऱ्याच्या काळातच दक्षिणेत कवटीचा दुष्काळ पडला, ज्यात मेलेल्यांच्या कवट्या रस्त्यांवर पडून राहिल्या म्हणून लोकांनी त्यास ते नाव दिले. पण दुसऱ्या अवर्षणाची मुदत पाहा. एक दोन वर्षे नव्हे, तेरा वर्षांचा पट्टा. आपल्या हयातीत कोणी असा पट्टा पाहिलेला नाही, आणि म्हणूनच तो येऊ शकतो हे आपल्या मनात येत नाही.

आता आपल्या कागदी दप्तराकडे पाहा. देशाच्या पावसाच्या भरवशाच्या सलग मालिका १८७१ च्या सुमारास सुरू होतात. हवामान खाते १८७५ मध्ये निघाले. आपल्या भागाने १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ पाठोपाठ सोसले, आणि १८९१ च्या खानेसुमारीपेक्षा १९०१ च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली. हे कागदावर आहे. त्यापूर्वीचे बहुतेक ऐकीव. कोहळी लोकांनी तलाव बांधले, पाटाचे पाणी वाटून घेतले, कोणत्या पाळीस किती उंची द्यावी हे ठरविले, ते कोणत्या अनुभवावरून? तो अनुभव त्यांच्या डोक्यात होता, त्यांच्याबरोबर गेला. परंतु त्याच काळी त्याच रानात जे साग उभे होते त्यांनी तेच पावसाळे पाहिले, व त्यांतील काही आज आपल्या घरांच्या तुळया आहेत.

हवा गावची किंवा देशाची सीमा ओळखत नाही, याचाही दाखला सागाने दिला आहे. १९५० नंतर अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनी उघड्या हवेत जे अणुस्फोट केले त्यामुळे उत्तर गोलार्धाच्या हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि १९६३-६४ च्या सुमारास तो स्वाभाविक प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ मध्ये उघड्या हवेतील चाचण्यांस बंदी घालणारा करार झाला आणि मग ते प्रमाण हळूहळू उतरू लागले. हा चढउतार ठाण्याच्या सागाच्या वलयांत सापडला आहे. हजारो कोसांवर उडालेली राख नव्हे, तर तेथील हवाच फिरत येऊन आपल्या झाडाच्या पानांत शिरली व लाकूड झाली. याचा व्यावहारिक उपयोगही आहे. वलये मोजताना चूक झाली की नाही हे या खुणेवरून पडताळता येते.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, दोनशे वर्षांपूर्वी केव्हा पाऊस पडला हे कळून आजच्या कास्तकाराच्या कोठीत काय पडणार? यास आमचे उत्तर असे. पैसेवारी एका हंगामाची असते. पंतप्रधान पीकविमा योजनेत उंबरठा उत्पन्न ठरविताना मागील ७ वर्षांकडे पाहतात व त्यांतील चांगल्या ५ वर्षांची सरासरी धरतात. म्हणजे आपल्या नुकसानीचा हिशेब ज्या वहीवर होतो, तिला सात पाने आहेत. अवर्षणाचा लांब पट्टा लागला तर सातही पाने वाईट निघतील, सरासरीच खाली उतरेल, आणि पीक बुडूनही कागदावर नुकसान कमी दिसेल. असे पट्टे किती वेळा आले, किती वर्षे टिकले, हे पुराव्यानिशी पुढे ठेवता आले तर या सात पानांवर वाद घालता येईल. पुराव्यावाचून केलेली तक्रार कशी निकालात निघते हे आम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळ पाहिले आहे.

तलावांचेही तेच. १९५१ मध्ये मालगुजारी गेली व मालगुजारी तलाव सरकारकडे आले. त्यांतील कित्येकांत गाळ साचला, पाळी खचल्या, बुडिताच्या जमिनीत अतिक्रमणे झाली. दुरुस्तीसाठी पैसा मागितला की विचारतात, गेल्या दहा वर्षांत पाऊस तर पुरेसा झाला, मग तलाव कशाला? दहा वर्षांचा प्रश्न विचारणाऱ्यास तीनशे वर्षांचे उत्तर देण्याची सोय असली पाहिजे.

दुसरा आक्षेप, एका लाकडाच्या सांगण्यावर काय विश्वास ठेवावा? रास्त आहे. एका खातेदाराच्या जबाबावर आम्ही कधी फेरफार मंजूर होताना पाहिला नाही. याही विद्येत एका झाडावर भिस्त ठेवीत नाहीत. एकाच रानातील अनेक झाडांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवितात. एखाद्या झाडात एखादे वलय खोटे किंवा लुप्त असले तर ते या पडताळ्यात उघडे पडते. हीच जुळवणी जुन्या घरांच्या लाकडासही चालते. अमेरिकेत अँड्र्यू डग्लस यांच्यापाशी एक मालिका जिवंत झाडांची होती व एक प्राचीन घरांच्या तुळयांची. मध्ये दुवा नव्हता. १९२९ मध्ये शो-लो नावाच्या गावी एक अर्धवट जळालेली तुळई मिळाली, तिने तो दुवा जोडला, आणि त्या प्रदेशातील जुन्या वसाहतींची बांधणीची वर्षे एकदम कळली. एका जळक्या तुळईची ही गोष्ट आहे. आपण अशा किती तुळया पुऱ्या जाळल्या, याचा हिशेब कोण देणार?

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या धुऱ्यावरील आजोबांच्या वेळचा साग आम्ही रीतसर परवानगी घेऊन तोडविला. त्याचा घेर मोजला, घनफूट काढले, भाव लिहिला, वाहतूक परवान्याची प्रत जपून ठेवली. चार बोटे जाडीची एक चकती मात्र ठेवली नाही. लिहिण्याची सवय असलेल्या माणसाने किंमत लिहिली आणि वय लिहिले नाही. तेव्हा हा उपदेश आम्ही उंचावरून करीत नाही.

करावयाचे काम अवघड नाही. त्यासाठी एकही झाड तोडावयाचे नाही, हे आधी स्पष्ट सांगतो; उभ्या झाडातून शिसपेन्सिलीएवढी बारीक कांडी काढण्याचे हत्यार संशोधकांपाशी असते व त्याने झाड मरत नाही. परंतु जो साग परवानगीने तोडलाच जाणार आहे, त्याच्या बुंध्याकडून चार बोटे जाडीची एक पुरी चकती कापून घ्यावी. साल शाबूत ठेवावी, कारण सालीलगतच्या वलयावरच सारी मोजणी अवलंबून आहे. चकतीवर शिसपेन्सिलीने गाव, गट क्रमांक, तोडणीचा महिना व वर्ष लिहावे. झाड बांधावर होते, तलावाच्या पाळीवर होते की रानात, हेही लिहावे, कारण ज्याच्या मुळास तलावाचे पाणी लागते त्याला अवर्षण कळत नाही. चकती सावलीत वाळवावी. तिला तेल, वार्निश, रंग किंवा वाळवीचे औषध लावू नये. रसायन वाचावयाचे तर वर दुसरे रसायन नको.

जुना वाडा उतरविताना सुताराने तासलेली बाजू फारशी कामाची नसते; जेथे बाहेरच्या पांढऱ्या लाकडाची कड शिल्लक असेल असे टोक निवडावे आणि वाडा बांधल्याचे साल ज्या कागदावर असेल त्याची प्रत त्याबरोबर ठेवावी. आरागिरणीवाल्यांसही हे सांगून ठेवावे. त्यांना ते तुकडे जळणाच्या भावाचेच असतात.

अशा चकत्या घरोघर ठेवून उपयोग नाही. दोन पावसाळ्यांत त्यांचे पाट होतील. म्हणून आमची सोसायटीच्या व्यवस्थापक मंडळास विनंती आहे की, गोदामातील एक कोरडा कोपरा, एक मांडणी व एक नोंदवही यासाठी द्यावी. नोंदवहीचे रकाने आखून देण्याचे व पहिली काही वर्षे ती लिहिण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. पंचवीस-तीस चांगल्या चकत्या जमल्या म्हणजे पुण्याच्या किंवा अहमदाबादच्या संस्थेस, अथवा लखनौच्या बिरबल सहानी संस्थेस पत्र लिहावे. त्या संस्थांना नमुने लागतात. नमुने आपल्यापाशी आहेत. गोंदिया १९९९ मध्ये निराळा जिल्हा झाला असला तरी खोरे एकच आहे. तिकडच्या बंधूंनीही यात सामील व्हावे.

जुन्या वाड्याच्या त्या अंगणातून आम्ही दोन तुकडे मागून आणले. वारसांनी हसून दिले. ते आमच्या पडवीत ठेवले असून त्यांवर गावाचे नाव व वाड्याचे साल लिहिले आहे. येत्या मृगापूर्वी ज्यांच्याकडे उतरण किंवा तोडणी निघणार असेल त्यांनी आराकस लावण्याच्या आदल्या दिवशी आम्हांस निरोप करावा. आम्ही करवत घेऊन येऊ.